६४ रुपयांचे ३५ लाख नवे शेअर आले, तर जुन्या भागधारकाचं काय होतं?

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकचे एक निवृत्त बँक कर्मचारी. त्यांच्याकडे वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका छोट्या लिस्टेड कंपनीचे ४,००० शेअर आहेत, सरासरी ९२ रुपयांनी घेतलेले. आता ईजीएमची, म्हणजे भागधारकांच्या खास सभेची, नोटीस आली आहे. ६४ रुपयांनी २० लाख नवे शेअर नऊ बाहेरच्या गुंतवणूकदारांना आणि त्याच भावाने १५ लाख वॉरंट (पुढे ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा हक्क) प्रमोटरला, म्हणजे कंपनीच्या मूळ मालकाला, द्यायची आहेत. ते विचारतात : "माझा हिस्सा कमी करताना मला कुणी विचारलं का? माझं नुकसान नेमकं किती? आणि माझ्यासारख्याने मत देऊन काय होणार?"

मी कंपनी सेक्रेटरी आहे. पुण्यात सव्वीस वर्षं प्रॅक्टिस करतो आणि त्यातला बराच काळ अशाच नोटिसा लिहिण्यात गेला. बहुतेक लोक ज्या न उघडता डिलीट करतात, त्या. त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: तुम्हाला विचारलंय. ती नोटीस म्हणजेच विचारणं. कंपनी कायद्याचं कलम ६२ म्हणतं की नवे शेअर काढायचे तर आधी जुन्या भागधारकांना त्यांच्या प्रमाणात देऊ करा. त्यांना वगळून दुसऱ्या कुणाला द्यायचे असतील तर जुन्यांकडून विशेष ठराव करून घ्या. म्हणजे तुमच्या कंपनीला तुमचा पहिला हक्क बाजूला ठेवायचा आहे आणि त्यासाठी तुमचीच परवानगी हवी आहे. नोटिशीत हे इतक्या सरळ शब्दांत लिहिलेलं नसतं, हे कबूल. तशी भाषा लिहायचे आम्ही पैसे घेत नाही.

आता नुकसान. तुम्ही दिलेले आकडे मी पूर्णांकात घेतो. सध्या कंपनीचे १ कोटी शेअर आहेत, वर्षाचा निव्वळ नफा ६ कोटी, नेटवर्थ (मालमत्तेतून देणी वजा जाता उरतं ते) ४५ कोटी. सगळी वॉरंट शेअरमध्ये बदलली की शेअर होतील १ कोटी ३५ लाख. तुमचे ४,००० शेअर ४,०००च राहतात, डिमॅटमधून एकही जात नाही. पण कंपनीतला तुमचा वाटा ०.०४ टक्क्यांवरून ०.०२९६ वर येतो, म्हणजे साधारण २६ टक्क्यांनी घटतो. तुम्ही इथेच थांबलात आणि घाबरलात. सगळेच इथे थांबतात.

आपल्याकडे शेतावरच्या विहिरीत हिस्से असतात, तुम्ही नाशिकचे म्हणजे पाहिले असतील. चार आणे हिस्सा म्हणजे आठवड्यातल्या अमुक तासांची पाळी. पाचवा भागीदार पैसे घेऊन आला तर तुमचे तास कमी होणारच. पण त्याच्या पैशातून विहीर आणखी दोन परस खोल गेली आणि आडवे बोअर मारले, तर कमी तासांत जास्त पाणी येतं. पैसे कुणाच्या तरी मुलीच्या लग्नात गेले, तर तासही गेले आणि पाणीही. नवा भागीदार आला म्हणजे वाटोळं झालं असं नव्हे. तो काय देऊन आला आणि ते कुठे गेलं, हे बघायचं.

शेअरमागे नफा आत्ता ६ रुपये. नफा तेवढाच राहिला आणि शेअर १.३५ कोटी झाले तर तो ४ रुपये ४४ पैसे होतो. पण कंपनीच्या हातात एकूण २२ कोटी ४० लाख येणार आहेत, ते काही तिजोरीत पडून राहणार नाहीत. शेअरमागे ६ रुपये टिकवायला एकूण नफा ८.१ कोटी लागतो, म्हणजे २.१ कोटी जास्त. २२.४ कोटींवर २.१ कोटी म्हणजे वर्षाला साधारण ९.४ टक्के, करानंतर. हा आकडा काढायला कॅल्क्युलेटरवर एकच भागाकार पुरतो: सध्याचा शेअरमागचा नफा भागिले नव्या शेअरचा भाव. ६ भागिले ६४. नव्या पैशाने करानंतर यापेक्षा जास्त कमावलं तर तुमचा फायदा, कमी कमावलं तर तोटा. ईजीएममध्ये मॅनेजमेंट दोन तास बोलली तरी तुमच्यासाठी प्रश्न एवढाच उरतो.

आता नोटिशीतलं 'ऑब्जेक्ट्स ऑफ द इश्यू' वाचा. समजा तिथे लिहिलंय की पैसा बँकेचं कर्ज फेडायला वापरणार. कर्ज ११ टक्क्यांचं धरू. २२.४ कोटी फेडले की वर्षाचं व्याज वाचतं सुमारे २.४६ कोटी. पण व्याज कमी झालं की करपात्र नफा वाढतो. २५.१७ टक्के कर वजा जाता हातात उरतात १.८४ कोटी. शेअरमागे नफा होतो ५ रुपये ८१ पैसे. म्हणजे कर्जमुक्ती ऐकायला गोड असली तरी तुमच्या शेअरमागचा नफा थोडा घटतोच. मग वाईट का? तसंही नाही. वाहन उद्योगात मंदी आली की हप्त्यांखाली दबलेली छोटी कंपनी आधी मरते, आणि ते मी चाकण-भोसरीत पुरेसं पाहिलंय. एकोणीस पैसे देऊन झोप विकत घेतली असं समजा. माझ्या मते त्या भावात ती महाग नाही.

पुस्तकी मूल्याचं चित्र तर उलटंच निघतं. आत्ता शेअरमागे नेटवर्थ ४५ रुपये. नवे लोक ६४ देतायत. सगळं झाल्यावर ६७.४ कोटी भागिले १.३५ कोटी, म्हणजे जवळपास ५० रुपये. वाढलं. पण हेच नेटवर्थ ९० रुपये असतं आणि नव्यांना ६४ ला दिले असते, तर ते ८३ वर आलं असतं. तो फरक तुमच्या आणि इतर जुन्या लोकांच्या खिशातून नव्यांच्या खिशात गेला असता. ज्याला खरं नुकसान म्हणायचं ते हे. जमीनजुमला असलेल्या जुन्या कंपन्यांमध्ये, जिथे बाजारभाव पुस्तकी मूल्याच्या निम्मा असतो, तिथे मी हे पहिल्यांदा तपासतो.

तुमची ९२ ची खरेदी यात कुठेच येत नाही, हेही सांगून टाकतो. तुम्ही काय भावाने घेतलं याच्याशी कंपनीला देणंघेणं नाही. २८ रुपयांचा फरक बाजाराने आधीच खाल्लाय, या ठरावाने नव्हे.

मग ६४ कुठून आले? लिस्टेड कंपनीला हा भाव मनाने ठरवता येत नाही. सेबीच्या २०१८ च्या आयसीडीआर नियमांत (नवे शेअर काढण्याचे नियम) जानेवारी २०२२ मध्ये बदल झाला. तेव्हापासून ज्या शेअरची नियमित उलाढाल होते त्याच्यासाठी मागचे ९० ट्रेडिंग दिवस आणि मागचे १० ट्रेडिंग दिवस, या दोन्हींच्या सरासरीतला जो जास्त असेल तो किमान भाव. ही मोजणी 'रेलेव्हंट डेट'पासून मागे होते, आणि ती तारीख सभेच्या ३० दिवस आधीची असते. त्या तारखेनंतर भाव वाढला तर नव्या लोकांना महिन्याभरापूर्वीचा दर मिळतो. तुमच्या कंपनीचा भाव नोटीस आल्यावर ७१ ला गेला म्हणता, तो हाच प्रकार. यात बेकायदा काही नाही. पण रेलेव्हंट डेटच्या आधीच्या तीन-चार महिन्यांत शेअर का मरगळला होता आणि नंतर अचानक का उठला, हा प्रश्न मनात येऊ द्या. आणि वर्षभरात ज्या शेअरची फारशी उलाढालच झाली नाही, तिथे भाव ठरवतो नोंदणीकृत व्हॅल्युअर. त्याचा रिपोर्ट कंपनीच्या वेबसाइटवर असतो. तो वाचायला अर्धा तास लागतो, आणि पुढच्या पाच वर्षांचे विक्रीचे अंदाज कुणी दिले हे बघायला दोन मिनिटं.

पण भावाहून मला जास्त महत्त्वाची वाटतात ती नऊ नावं.

एक जुनी गोष्ट सांगतो. ई-व्होटिंग सक्तीचं होण्याआधीची, म्हणजे सभेत हात वर करून ठराव व्हायचे तेव्हाची. एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये सकाळी साडेदहाला ईजीएम. आम्ही एकूण अकरा जण, त्यातले सहा अकाउंट्स आणि स्टोअर्समधले, प्रत्येकाच्या नावावर एक-एक शेअर. हात वर करण्याच्या मतदानात एक शेअरवालाही एक मत आणि लाख शेअरवालाही एकच, त्यासाठीच त्यांना बसवलेलं. स्टीलच्या ताटलीत वडा आणि चहा समोर यायच्या आत ठराव वाचून झाला होता. एक वयस्कर गृहस्थ उठले. जाकिटाच्या खिशातून नोटीस काढली, चार घड्या घातलेली, आणि विचारलं, "ही जी माणसं आहेत यादीत, त्यातल्या पाच जणांचा पत्ता एकच कसा?" चेअरमन माझ्याकडे बघायला लागले. मी कागदांत बघायला लागलो. शेवटी कुणीतरी "काका, वडा गार होतोय" म्हणालं आणि सभा संपली. एक वर्षाने लॉक-इन (नवे शेअर विकायला बंदी असलेली मुदत) उठला, त्याच आठवड्यात त्या पाच पत्त्यांवरून शेअर बाजारात आले आणि भाव खाली बसला. काकांचे शेअर त्यांच्याकडेच होते. ती नोटीस मीच लिहिली होती, म्हणून ते अजून लक्षात आहे.

आता नियम पुष्कळ घट्ट झालेत. घेणारी एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा एखादी कंपनी असेल तर तिच्यामागची खरी माणसं कोण, हे नोटिशीत द्यावं लागतं. प्रमोटर सोडून इतरांना लॉक-इन मात्र २०२२ पासून सहा महिन्यांचाच आहे, पूर्वी वर्षाचा होता. त्यामुळे तुमच्या नोटिशीतली ती नऊ नावं गुगलवर टाका. एखादा नावाजलेला फंड किंवा त्याच धंद्यातला मोठा ग्राहक असेल तर मी निर्धास्त होतो. कधीच न ऐकलेल्या नऊ एलएलपी आणि त्यांचे वर्षभरापूर्वीचे नोंदणी क्रमांक दिसले, तर सहा महिन्यांनंतरची तारीख मी कॅलेंडरवर टाकून ठेवतो. डिसेंबर २०१४ मध्ये सेबीने ज्या काही छोट्या कंपन्यांवर अंतरिम आदेश काढले, त्यांत प्रकार असाच होता: धंदा नावापुरता, प्रेफरन्शियल अलॉटमेंट (निवडक लोकांना थेट शेअर देणं, तुमच्या नोटिशीतल्यासारखं) डझनांनी लोकांना, मग आपापसात व्यवहार करून भाव चढवायचा आणि लॉक-इन संपला की करमुक्त नफा दाखवत बाहेर पडायचं.

वॉरंटवर थोडा वेळ घालवू, कारण सगळ्यात कमी समजून घेतलेली गोष्ट हीच. प्रमोटरला १५ लाख वॉरंट ६४ रुपयांनी म्हणजे तो आत्ता फक्त २५ टक्के, म्हणजे वॉरंटमागे १६ रुपये भरणार. उरलेले ४८ भरायला त्याला १८ महिने. वर्षाने भाव ११० असेल तर तो ४८ भरतो आणि ११० चा शेअर घेतो. भाव ४८ च्या खाली गेला तर तो सोडून देतो आणि त्याचे १६ रुपये कंपनीत जप्त होतात. (२००८ च्या घसरणीत कितीतरी प्रमोटरांनी वॉरंट अशी सोडली. तेव्हा आगाऊ रक्कम १० टक्केच होती, २००९ मध्ये सेबीने ती २५ केली.) थोडक्यात, प्रमोटरला दीड वर्षाची मुभा आहे, तुम्हाला नाही. आणि कंपनीच्या हातात आज २२.४ कोटी येत नाहीत. येतात शेअरचे १२.८ आणि वॉरंटचे २.४, मिळून १५.२ कोटी. बाकीचे ७.२ कोटी भावाच्या मर्जीवर. मग नोटिशीत लिहिलेली सगळी मशिनरी पहिल्या वर्षात कशी येणार, हा प्रश्न सभेत विचारण्यासारखा आहे.

वॉरंट प्रमोटरांना आवडतात त्याला आणखी एक कारण आहे, जे नोटिशीत कधी लिहिलेलं नसतं. २५ टक्क्यांहून जास्त धारण असलेल्याने एका आर्थिक वर्षात ५ टक्क्यांपेक्षा जास्त वाढवलं तर सेबीच्या टेकओव्हर नियमांप्रमाणे त्याला सगळ्यांसाठी ओपन ऑफर काढावी लागते, म्हणजे इतर भागधारकांचे शेअर जाहीर भावाने विकत घ्यायची तयारी दाखवावी लागते. तुमच्या प्रमोटरकडे आज ४८ टक्के आहेत. नवे २० लाख शेअर दिल्यावर ते ४० होतात, आणि १५ लाख वॉरंट एकदम बदलली तर ४६.७. म्हणजे उडी साडेसहा टक्क्यांच्या वर. पण १८ महिन्यांत ३१ मार्च किमान एकदा येतोच. थोडी वॉरंट मार्चआधी, थोडी एप्रिलनंतर बदलली की ५ टक्क्यांच्या आत बसतं. ओपन ऑफर टळली, म्हणजे चांगल्या भावाने बाहेर पडायची तुमची संधीही टळली. आधीच्या पब्लिकचा, म्हणजे प्रमोटर सोडून बाकीच्यांचा, वाटा मात्र ५२ वरून ३८.५ वर आला. प्रमोटर जवळजवळ होता तिथेच, झीज कुणाची झाली ते बघा.

मताचा उपयोग काय, याचंही गणित आहे. विशेष ठरावाला बाजूची मतं विरोधातल्या मतांच्या किमान तिप्पट लागतात, आणि मोजतात फक्त पडलेली मतं. प्रेफरन्शियल इश्यूत प्रमोटर स्वतःही मत देऊ शकतो. त्याची ४८ लाख बाजूने पडली तर ठराव पाडायला १६ लाखांहून एक जास्त मत पुरतं. पब्लिककडे आहेत ५२ लाख. म्हणजे पब्लिकमधल्या एकतृतीयांश लोकांनी विरोधात बटण दाबलं आणि बाकीचे घरी बसले तरी ठराव पडतो. घडतं मात्र असं की घरी बसणारे जवळजवळ सगळेच असतात. तुमच्या एकट्याच्या ४,००० मतांनी काही हलणार नाही, खरं आहे. पण निकालाची आकडेवारी एक्स्चेंजवर जाहीर होते. पब्लिकची बरीच मतं विरोधात दिसली की पुढच्या वेळी बोर्ड मला फोन करून विचारतं, "या वेळी राइट्स काढूया का?" असे फोन मला आलेत.

राइट्स, म्हणजे नवे शेअर जुन्यांनाच त्यांच्या प्रमाणात देऊ करणं, हा जुन्या भागधारकासाठी सगळ्यात न्याय्य मार्ग, आणि लोक सर्वाधिक पैसे घालवतात तेही त्यातच. सांगलीच्या एका निवृत्त शिक्षिका माझ्याकडे मागच्या वर्षी डिमॅटचं स्टेटमेंट घेऊन आल्या. त्यांच्या कंपनीच्या नावापुढे 'आरई' असं लिहिलेली एक ओळ महिनाभर दिसत होती आणि मग गायब झाली. त्यांना वाटलं ब्रोकरने चूक दुरुस्त केली. ते राइट्स एन्टायटलमेंट होतं. समजा चार शेअरला एक नवा, ४० रुपयांनी, आणि बाजारभाव ६०. इश्यूनंतर भाव हिशेबाने चार गुणिले ६० अधिक ४० भागिले पाच, म्हणजे ५६ वर बसतो. ४,००० शेअरवाल्याचे चार-चार रुपये गेले, एकूण १६,०००. त्याच्याकडे १,००० आरई असतात आणि प्रत्येकाची किंमत साधारण १६ रुपये, तेही १६,०००. पैसे भरा किंवा आरई बाजारात विका, हिशेब जुळतो. काहीच केलं नाही तर आरई रद्द होतात आणि तोटा तेवढा तुमच्याकडे राहतो. हे आरई २०२० पासून डिमॅटमध्ये येतात आणि शेअरसारखे विकता येतात, पण ती खिडकी इश्यू बंद होण्याच्या काही दिवस आधीच मिटते. बाईंचा प्रश्न होता की आता तक्रार कुठे करायची. करण्यासारखी जागा नव्हती.

आमच्या हडपसरच्या सुझलॉनचं उदाहरण पुण्यात सगळ्यांना माहीत आहे. ती छोटी कंपनी नाही, पण धडा तोच. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिने २४० कोटी नवे शेअर काढले, राइट्सनेच, २१ जुन्या शेअरला ५ नवे, भाव ५ रुपये, आणि अर्ज करताना निम्मेच भरायचे. तेव्हा माझ्या ऑफिसात बसून लोक म्हणायचे, "आणखी किती पाणी घालणार दुधात?" बराचसा पैसा कर्ज फेडायला गेला. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याच कंपनीने क्यूआयपीत, म्हणजे फक्त मोठ्या संस्थांसाठीच्या विक्रीत, त्यांना १७ रुपये ५५ पैशांनी शेअर दिले. ज्यांनी राइट्स भरले त्यांना नवे शेअर कितीही आले तरी फरक पडला नाही. अर्थात राइट्स भरून बुडालेल्यांची यादीही माझ्याकडे आहे, ती जास्त लांब आहे.

एसएमई प्लॅटफॉर्मवरच्या (शेअर बाजारातला छोट्या कंपन्यांचा वेगळा विभाग) कंपन्यांबद्दल एवढंच: तिथे शेअर लॉटमध्ये विकावे लागतात आणि खरेदीदार मोजके, म्हणून तिथे भाव आणि घेणारा हे दोन्ही दुप्पट बारकाईने बघा. आयपीओनंतर वर्षाच्या आत प्रेफरन्शियल इश्यू आला तर आयपीओच्या वेळी सांगितलेलं काम झालं का, हे आधी विचारा.

तुमच्या पत्रात शेवटी तुम्ही मेव्हण्यांच्या प्रायव्हेट लिमिटेडचाही उल्लेख केलाय, जिथे तुमचा १२ टक्के हिस्सा आहे. तिथे बाजारभाव नाही, सेबी नाही. ऑफर लेटर येतं, ठरलेल्या मुदतीत उत्तर दिलं नाही तर तुम्ही नाकारलं असं धरतात, आणि ते शेअर मग बोर्ड दुसऱ्या कुणाला देऊ शकतं. घरातलं पत्र म्हणून ते फ्रीजवर ठेवून देऊ नका. केवळ तुमचा हिस्सा मोडण्यासाठी शेअर काढले असं दिसलं तर एनसीएलटीत (कंपन्यांच्या वादांचं न्यायाधिकरण) जाता येतं, दहा टक्के धारण पुरतं. २००४ च्या डेल अँड कॅरिंग्टन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एका डायरेक्टरने कंपनीवर ताबा मिळवायला स्वतःलाच दिलेले शेअर रद्द केले होते. पण मेव्हण्यांशी कोर्टकचेरी करण्याआधी चहाला बोलावून व्हॅल्युएशन रिपोर्ट मागा. बऱ्याचदा तेवढ्याने भाव सुधारतो.

तुमच्या नोटिशीपुरतं, मी असतो तर असं केलं असतं. ऑब्जेक्ट्समध्ये मशिनरी आणि कर्जफेड यांचे वेगळे आकडे नसतील आणि 'जनरल कॉर्पोरेट पर्पजेस' (कंपनीची सर्वसाधारण कामं) फुगलेलं असेल, तर कंपनी सेक्रेटरीला ईमेल करून तपशील मागितला असता. त्याचा पत्ता नोटिशीतच असतो. नऊ नावं बरी वाटली तर शेअरच्या ठरावाला हो आणि वॉरंटच्या ठरावाला नाही म्हटलं असतं. दोन्ही वेगळे ठराव असतात, एकच उत्तर द्यायची सक्ती नाही. इश्यू झाल्यावर दर तिमाहीला कंपनी एक्स्चेंजवर पैशाच्या वापराचं 'डेव्हिएशन स्टेटमेंट' टाकते, ते बघितलं असतं. आणि ई-व्होटिंग सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला बंद होतं. ओटीपी डिमॅटला जोडलेल्या मोबाइलवर येतो. तो नंबर मुलाचा असेल तर आजच बदलून घ्या.